कापडी पडदे घ्यावेत, की काचा बदलाव्यात?

प्रश्न : आम्ही फ्लोरिडात सारासोटा काउंटीत राहतो. घर १९९८ सालचे, दुमजली, स्वतःच्या राहण्याचे आहे. खाली सात आणि वर चार खिडक्या, दोन स्लायडिंग दरवाजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन हे हरिकेन (चक्रीवादळ) आले तेव्हा आम्ही दोघांनी प्लायवूड ठोकले, ते पुन्हा करण्याची ताकद नाही. तीन दरपत्रके मागवली : वादळाआधी खिडक्यांवर बाहेरून लावायचे कापडी हरिकेन पडदे ९,६०० डॉलर, घडीची अ‍ॅल्युमिनियम शटर १६,८०० डॉलर, आघात सोसणाऱ्या इम्पॅक्ट काचा ४३,००० डॉलर. बँकेत ४६,००० डॉलर आहेत आणि महिन्याचा खर्च ४,५०० डॉलर आहे. घराचा विमा ४,२०,००० डॉलरचा असून हरिकेनची वजावट, म्हणजे नुकसानीतला आधी आम्ही सोसायचा भाग, २ टक्के आहे. विमा एजंट तोंडी सांगतो की हप्त्यात वर्षाला ७०० डॉलर सुटतील. पडदे विकणारा म्हणतो की त्यातूनच पैसे वसूल होतील. माझे पती ५८ वर्षांचे आहेत, मी ५६. दरवर्षी ऑगस्टच्या सुरुवातीपासून आठ आठवडे आम्ही मुलीकडे शिकागोला असतो. काचांसाठी आयआरए या निवृत्तीच्या बचत खात्यातून पैसे काढावेत का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर सर्वांत सोपे आहे. आयआरएला हात लावू नये. वयाची साडेएकोणसाठ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी पारंपरिक आयआरएमधून काढलेल्या रकमेवर सर्वसाधारणपणे १० टक्के दंड बसतो आणि ती रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात धरून तिच्यावर आयकरही लागतो, म्हणजे ४३,००० डॉलरच्या काचांसाठी प्रत्यक्षात त्याहून बरीच मोठी रक्कम काढावी लागेल. इम्पॅक्ट काचा उत्तम असतात, काही लावावे-काढावे लागत नाही, हे सगळे खरे. पण निवृत्तीच्या पैशांतून, तेही दंड भरून, त्या घेण्याइतकी आपली निकड नाही.

आता पडद्यांविषयी. विक्रेत्याचे वसुलीचे गणित मला पटलेले नाही, तरीही पडदे घेण्याच्या मी विरोधात नाही. ही दोन विधाने एकत्र कशी बसतात, ते सांगतो.

वादळात घराचे मोठे नुकसान बहुतेकदा एका उघड्या पडलेल्या जागेपासून सुरू होते. उडत आलेल्या फळीने किंवा कौलाने काच फुटली की वारा आत शिरतो, घरातला दाब वाढतो, आणि वरून छपराला आधीच ओढणाऱ्या वाऱ्याला खालून रेटा मिळतो. दक्षिण फ्लोरिडाने हे १९९२ मध्ये अँड्र्यू हरिकेनच्या वेळी अनुभवले आणि त्यातूनच पुढे १ मार्च २००२ पासून संपूर्ण राज्याला एकच कडक बांधकाम संहिता लागू झाली. आपले घर त्याच्या आधीचे आहे. मिल्टनच्या वेळी तर आपल्याच काउंटीतल्या सिएस्टा की बेटाजवळ किनाऱ्यावर येणाऱ्या वादळाची वाट, दोनच आठवड्यांपूर्वीच्या हेलेन वादळानंतर रस्त्याकडेला रचून ठेवलेला राडारोडा पाहत होता. उडायला सामान तयारच होते.

अशा वेळी कापड काय करणार, ही शंका रास्त आहे. हे कापड साधे नसते. ते प्लास्टिकचा लेप दिलेल्या मजबूत धाग्यांचे विणलेले असते. मोठ्या आघाताच्या चाचणीत नऊ पौंडांची लाकडी फळी सेकंदाला ५० फूट वेगाने त्यावर आदळवतात आणि नंतर वाऱ्याच्या दाबाचे हजारो हेलकावे देतात. कापड आत दबते, आघात गिळते आणि परत येते. मात्र ते दबते म्हणूनच पडदा आणि काच यांच्यात पुरेसे अंतर लागते आणि ते किती हवे, हे त्या मालाच्या मंजुरीपत्रात लिहिलेले असते. काचेला जवळजवळ टेकून ताणलेला पडदा फळी अडवील, पण काच तरीही फुटेल. म्हणून दरपत्रकावर फ्लोरिडाचा मालमंजुरी क्रमांक किंवा मायामी-डेड काउंटीचे मंजुरीपत्र आहे का, आणि आपल्या प्रत्येक खिडकीपाशी ते अंतर मिळते का, हे आधी लिहून घ्यावे. स्लायडिंग दरवाजांपाशी हा प्रश्न हमखास येतो.

सवलतीकडे वळू. फ्लोरिडात वादळरोधक सुधारणांसाठी विमा कंपनीला सवलत द्यावी लागते, पण ती हप्त्यातल्या फक्त वाऱ्याच्या धोक्यासाठीच्या भागावर असते आणि ओआयआर-बी१-१८०२ या नमुन्यातल्या तपासणी अहवालावरून ठरते. हा नमुना घराला दर्जा देताना सर्वांत कमकुवत उघडी जागा पाहतो. अकरा खिडक्या झाकल्या आणि गॅरेजचा दरवाजा साधाच राहिला, तर एजंटने सांगितलेले ७०० डॉलर मिळतील असे धरून चालू नये. आपल्या पत्रात गॅरेजच्या दरवाजाचा उल्लेखच नाही! त्यासाठी मी अंदाजाने २,४०० डॉलर धरतो. खरा आकडा आपण मागवावा. म्हणजे खर्च १२,००० डॉलर झाला आणि ७०० ने भागले तर वसुलीला सतरा वर्षे लागतात. उन्हात, खाऱ्या हवेत वापरलेले कापड, पट्टे आणि बकले सतरा वर्षे टिकतील, या भरवशावर मी कोणालाही पैसे गुंतवायला सांगणार नाही.

मग पडदे का घ्यावेत? कारण आपली वजावट. ४,२०,००० चे २ टक्के म्हणजे ८,४०० डॉलर. दोन काचा फुटल्या, एक खोली भिजली, तर तो खर्च बहुधा वजावटीच्या आतच राहील आणि सगळा आपल्या खिशातून जाईल. पडद्यांचा फायदा तिथे आहे, शिवाय छपरापर्यंत पोहोचणारे नुकसान टळण्यात आहे. हप्त्यातली सवलत ही वरकमाई समजावी. पुराचे पाणी आणि समुद्राची लाट पडदे अडवत नाहीत आणि घराचा नेहमीचा विमा त्याची भरपाईही देत नाही. पुराचा वेगळा विमा नसेल तर तो पडद्यांच्या आधी घ्यावा, कारण राष्ट्रीय पूरविमा योजनेत तो लागू व्हायला सहसा ३० दिवस लागतात.

मला सर्वांत जास्त खटकली ती शिकागोची गोष्ट. हरिकेनचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो, त्याचा कळस १० सप्टेंबरच्या आसपास येतो, आणि नेमके तेव्हाच आपण घरी नसता. राष्ट्रीय हरिकेन केंद्र पहिला इशारा वादळी वारे पोहोचण्याच्या साधारण ४८ तास आधी देते आणि पक्का इशारा ३६ तास आधी. मिल्टन ५ ऑक्टोबरला नुसते नाव मिळालेले वादळ होते, ७ तारखेला पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत गेले आणि ९ तारखेच्या रात्री किनाऱ्यावर आले. शिकागोहून येऊन पडदे लावण्याइतका वेळ यात नाही. कापडी पडद्याची खरी किंमत दरपत्रकावर नसते. तो वेळेत लावणारा माणूस कोण, यात ती असते. माझ्या एका अशिलाने असेच पडदे घेतले आणि सगळे एकाच मोठ्या पिशवीत भरून गॅरेजच्या माळ्यावर टाकले. वादळाच्या आदल्या दुपारी कोणता पडदा कोणत्या खिडकीचा, हे शोधण्यात त्याचे दोन तास गेले आणि त्यात तीन विंगनट (हाताने फिरवायच्या चाक्या) गंजून आवळले गेलेले निघाले. वरच्या मजल्यावर तर शिडीवर चढून, वाऱ्याने फडफडणारे कापड एका हाताने धरून बकल लावायचे असते. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते करू नये.

म्हणून माझा सल्ला मिश्र आहे. वरच्या चार खिडक्यांना घडीची शटर बसवावीत, जी खिडकी उघडून आतूनच ओढून घेता येतात; खालच्या खिडक्यांना आणि अंतर मिळत असेल तर स्लायडिंग दरवाजांना कापडी पडदे; आणि गॅरेजचा दरवाजा वादळरोधक करून घ्यावा. हे सगळे १५,००० डॉलरच्या आत बसवायला कंत्राटदाराला सांगावे. शिकागोला निघण्यापूर्वी शटर ओढून, पडदे लावूनच जावे. आठ आठवडे सलग लावून ठेवायला उत्पादकाची हरकत नाही ना, हे विचारावे.

१५,००० हा आकडा मी मुद्दाम धरला आहे. माय सेफ फ्लोरिडा होम या राज्याच्या योजनेत घरमालकाच्या प्रत्येक डॉलरमागे राज्य दोन डॉलर देते, जास्तीत जास्त १०,००० डॉलर. म्हणजे पूर्ण अनुदान मिळाले तर आपला वाटा ५,००० डॉलर राहतो आणि वसुली सात वर्षांवर येते. मात्र अटी नीट पाहाव्यात. घर २००८ पूर्वीच्या परवान्याचे हवे, ते आपले आहे. उत्पन्न आणि वय यांवरून पात्रता आणि प्राधान्य ठरते आणि मंजूर निधी संपला की अर्ज थांबतात. आधी राज्याची मोफत तपासणी, मग अनुदानाची मंजुरी आणि त्यानंतरच काम, हा क्रम मोडला तर पैसे मिळत नाहीत. त्यामुळे ‘आज सही केली तर सूट’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला आज सही देऊ नये.

आपल्या ४६,००० मधले सहा महिन्यांच्या खर्चाचे २७,००० आणि वजावटीचे ८,४०० बाजूला ठेवले तर मोकळे १०,६०० उरतात. अनुदान काम पूर्ण होऊन शेवटची तपासणी झाल्यावर येते, म्हणजे काही काळ १५,००० आपल्याच खिशातून अडकतील. हे काम डिसेंबर ते मे या काळात केले तर वजावटीचे पैसे तेवढ्यापुरते वापरायला हरकत नाही, कारण तेव्हा वादळाचा धोका जवळजवळ नसतो. १ जूनच्या आत ते परत भरलेले असावेत. अनुदान नाकारले गेले तर मिश्र योजना सोडून संपूर्ण घराला पडदे आणि गॅरेजचा दरवाजा, असे १२,००० चे काम करावे आणि कमी पडणारे १,४०० हिवाळ्यात साठवावेत. त्या परिस्थितीत वरच्या खिडक्यांचे पडदे लावायला पैसे देऊन माणूस ठरवावा आणि तो खर्च दरवर्षीचा म्हणून मांडावा.

कंत्राटदार कदाचित मालमत्ता कराच्या बिलातून फेडायचे पेस कर्ज सुचवील. ते घेऊ नये. त्याचा बोजा गृहकर्जाच्याही पुढे बसतो आणि घर विकताना किंवा कर्ज बदलताना अडचण होते.

या आठवड्यात दोनच कामे करावीत : राज्याच्या तपासणीसाठी अर्ज, आणि एजंटला ईमेल, की गॅरेजच्या दरवाजासह सर्व उघड्या जागा मंजूर मालाने झाकल्या तर सवलत नेमकी किती, ते लेखी कळवा. उत्तर ७०० पेक्षा कमी आले तरी माझे मत बदलणार नाही, पण विक्रेत्याशी घासाघीस करताना ते आपल्या हातात असावे.