आधी त्याच्या जागेवर बैस

प्रिय पोरी,

पत्र पोचलं. चित्रकलेचा तास, सहावीचे पन्नास जण, टेबलावर तांब्या, दोन कांदे, एक वांगं, आणि तासाच्या शेवटी पन्नास वह्यांत एकाच साच्यातला तांब्या! हसलो मी. पहिल्या वर्षी माझ्याही वर्गात असंच झालं होतं. तुला वाटतंय मुलांचा हात कच्चा आहे. मला तुझ्या टेबलाचा संशय येतोय.

जमिनीवर बसलेल्या सहावीतल्या मुलाचे डोळे जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर येतात. टेबल अडीच फुटांचं. म्हणजे तांब्याचं तोंड त्याला दिसतच नाही, दिसते ती नुसती आडवी कड. बिचारा मग आठवणीतला तांब्या काढतो. उद्या तोच तांब्या पाटावर नाहीतर एखाद्या उपड्या खोक्यावर ठेव. जमलं तर वर्ग व्हरांड्यात घे आणि एकाऐवजी तीन मांडण्या कर, म्हणजे मागच्या पोरांना माना उंचावाव्या लागणार नाहीत. वर्गातच बसायचं असेल तर ट्यूबलाइट बंद आणि एकाच बाजूच्या खिडक्या उघड्या ठेव. चारही बाजूंनी उजेड आला की सावलीला जागाच उरत नाही, आणि मग मुलं सगळ्या वस्तूंना खालून काळी पट्टी मारून मोकळी होतात.

गोल तोंड तिरकं पाहिलं की दिसतं ते लंबवर्तुळ फळ्यावर शिकवू नकोस. स्टीलचा ग्लास हातात घे, डोळ्यांसमोर आण. तोंडाची सरळ रेघ होते. हळूहळू खाली ने, ते उघडत जातं. प्रत्येकाला स्वतःच्या डब्याच्या झाकणावर हे करू दे. पाच मिनिटं गोंगाट होईल, होऊ दे. मग विचार : तांब्याचं तोंड जास्त उघडं दिसतं की बूड? बूड डोळ्यांपासून आणखी खाली, म्हणून त्याची गोलाई तोंडापेक्षा भरीव. पण जवळजवळ सगळा वर्ग बूड पट्टीने आखल्यासारखं सपाट काढतो, कारण तांब्या जमिनीवर सपाट बसतो हे त्यांना ठाऊक असतं. ठाऊक असलेलं डोळ्यांच्या आड येतं ते असं. वांग्याचंही तेच. वांगं जांभळं, म्हणून सगळं जांभळं. खिडकीची पांढरी तिरीप त्याच्या पाठीवर बसलेली असते, ती कुणी कोरी सोडत नाही. जलरंगात ती कागदाचीच ठेवायची असते, हे मात्र आधी सांग. नंतर सांगून उपयोग नाही.

आता खरी गोष्ट. मुलांच्या कागदावर हात चालवू नकोस. मी चालवायचो. हौसेने, ऐटीत.

एकदा अ‍ॅल्युमिनियमची चहाची किटली मांडली होती. एका पोराने किटलीला तोटीच काढली नव्हती. पोटावर एक लहानसं वेडंवाकडं वर्तुळ, बस. मी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली, वर्तुळ खोडलं आणि उजवीकडे झोकदार तोटी काढून दिली. आजूबाजूची पोरं "वा सर" म्हणाली. तो गप्प. तास सुटल्यावर खोडरबर शोधायला म्हणून मी त्याच्या जागेवर वाकलो आणि समोर पाहिलं. तोटी थेट माझ्याकडे रोखलेली. तिथून दिसत होतं ते पोटावरचं वर्तुळच. वर्गात एकट्याने खरं पाहिलं होतं आणि मी ते खोडून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर चूक कबूल केली. पण त्यानंतर तो कितीतरी दिवस दर दोन रेघांनी मान वर करून माझ्याकडेच बघायचा, किटलीकडे नाही.

तेव्हापासून नेम केला : चूक दाखवण्याआधी मुलाच्या शेजारी बसायचं, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. गुडघे दुखतात, पण इलाज नाही. दाखवायचंच असेल तर कोपऱ्यात नाहीतर वेगळ्या चिठोऱ्यावर दाखव.

पालक चित्रकलेच्या सरकारी परीक्षांचं विचारतीलच. एलिमेंटरीला वस्तुचित्र, इंटरमिजिएटला स्थिरचित्र, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला ७, ५ नाहीतर ३ गुण. त्या गुणांपायी ठरावीक लोटा, ठरावीक सफरचंद, ठरावीक निळा पडदा घोटून घेणारे क्लासवाले तुझ्या गावातही असणार. त्यांच्याशी भांडत बसू नकोस. फक्त मांडणी दर आठवड्याला बदल. तोटी फिरव, कांदा चीर, पडद्याऐवजी कुणाची तरी चुरगळलेली ओढणी टाक. पाठ केलेलं चित्र मग आपोआप अडखळतं.

ती किटली अजून माझ्याकडे आहे. पोचे पडलेत, तोटीही जरा वाकलीय, चित्राला उलट बरी. दिवाळीच्या सुट्टीत आलीस की घेऊन जा. येताना पोरांचे कागद आण, पण तू न सुधारलेले.

तुझे,
सर