मेनोमधलं ते पोरगं आणि त्याचा चौरस

बाळा,

परवा तुझा मेसेज वाचला, ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचे संवाद हातात घेतलेस म्हणून बरं वाटलं, पण 'सगळे संवाद अर्ध्यातच संपतात, उत्तर कुठेच नाही' ही तक्रार वाचून हसू आलं, कारण तुझ्या वयात माझंही तेच रडगाणं होतं, मी तर शेवटची दोन पानं आधी वाचायचो, काही उपयोग झाला नाही.

एक कर, त्याचं रिपब्लिक सध्या ठेवून दे, लई जाड आहे आणि पहिल्या भागानंतर बाकीचे नुसते 'हो, बरोबर' करत बसतात. मेनो हा संवाद काढ. छोटासा आहे. सद्गुण शिकवता येतो का, असं मेनो नावाचा माणूस विचारतो, प्लेटोचा गुरू सॉक्रेटिस म्हणतो अरे सद्गुण म्हणजे काय हेच मला माहीत नाही. थोड्या वेळात मेनो एवढा वैतागतो की म्हणतो तू त्या झटका देणाऱ्या माशासारखा आहेस, शिवला की माणूस बधिर.

मग सॉक्रेटिस मेनोच्या एका गुलाम पोराला बोलावतो. इथे पेन घेऊन बस, नुसतं वाचू नको. मी एका जुन्या लाइटबिलाच्या मागे काढलं होतं. २ फूट बाजूचा चौरस, क्षेत्रफळ ४. आता ८ चा करायचाय, बाजू किती? पोरगं बिनधास्त म्हणतं ४. काढून बघ, १६ होतात. मग म्हणतं ३, तर ९. तेव्हा सॉक्रेटिस म्हणतो आकडा सांगता येत नसेल तर रेघ दाखव (आणि खरंच, ती बाजू पूर्णांकात काय, अपूर्णांकातही बसत नाही), आणि पोरगं शपथेवर सांगतं, मला नाही माहीत. बस, हीच ती जागा. सॉक्रेटिस मेनोकडे वळून म्हणतो, बघ, मघाशी हा चुकीचं उत्तर चारचौघांत ठणकावून सांगायला तयार होता, आता निदान अडलाय हे त्याला कळतंय, याचं काही नुकसान झालं का? पुढे कर्णावर उत्तर निघतं, तो भाग तूच काढ, मी सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकते, त्या पोराचं नाव कुणीच विचारत नाही, ग्रीक बोलतो ना, एवढंच बघतात, आणि भूमिती सुटल्यावर तो गुलामच राहतो.

आणि हो, घरी जो दिसेल त्याला 'म्हणजे नक्की काय?' म्हणून पकडतोयस असं ऐकलं. जरा दमानं घे. सॉक्रेटिस त्याच्यावरच्या खटल्यात कोर्टात स्वतःच सांगतो की रिकामटेकडी श्रीमंत पोरं माझी नक्कल करत लोकांना उघडं पाडतात आणि लोक चिडतात माझ्यावर. मेनोमध्येच अनायटस नावाचा पुढारी येऊन बसतो, बोलता बोलता तापतो, आणि लोकांबद्दल वाईट बोलतोस, सांभाळून राहा असं बजावून गप्प होतो. त्याच इ.स.पू. ३९९ च्या खटल्यातल्या तीन फिर्यादींपैकी एक हाच. ती पानं दोनदा वाच, सॉक्रेटिस तिथे मला थोडा खोडसाळच वाटतो, तुला काय वाटतं ते लिही. आणि शेवटचं वाक्य सोडू नको, निघताना तो मेनोला सांगतो की जमलं तर या अनायटसला जरा शांत कर, अथेन्सचंही भलं होईल.