लिनक्सवर कंपाइल चालू असताना डेस्कटॉप अडकतो, शेड्युलर (कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, कुठल्या प्रोग्रामला प्रोसेसर कधी द्यायचा ते ठरवणारा भाग) बदलून फरक पडेल का?

पडतो, पण आधी रॅम बघ, स्वॅप होत असेल (रॅम भरून डेटा डिस्कवर जात असेल) तर शेड्युलर कितीही बदल, अडकणारच. 2023 च्या 6.6 कर्नलपासून सीएफएस या जुन्या शेड्युलरच्या जागी ईईव्हीडीएफ हा नवा आलाय, तो बऱ्यापैकी आहे. तरी माऊस अडकत असेल तर 6.12 किंवा पुढचा कर्नल घे, त्यात स्केड-एक्स्ट आहे म्हणजे चालू मशीनवर शेड्युलर बदलता येतो, रीबूट नको, आणि तो गंडला तर कर्नल आपोआप मूळ शेड्युलरवर येतो. मी बीपीएफलँड हा स्केड-एक्स्टवर चालणारा शेड्युलर लावून सगळ्या कोरवर मेक (कंपाइलची कमांड) सोडलं, गाणं एकदाही तुटलं नाही, कंपाइल जरा लांबलं एवढंच. पूर्वी वेगळा शेड्युलर हवा तर कॉन कोलिवास या प्रोग्रामरचा बीएफएस शेड्युलरचा पॅच मारून अख्खा कर्नल बिल्ड करायला लागायचा, आणि हा माणूस पेशाने भूलतज्ज्ञ बरं का!