वाचकांचे प्रश्न : जुन्या होडीवर जिवंत आमिषाची टाकी

प्रश्न (देवगड) : माझी २२ फुटी फायबरची होडी आहे, बरीच जुनी. मागे ९.९ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. मोडोसा आणि सुरमईच्या गरीला आमिष म्हणून पेडवे, बारीक बांगडे जिवंत ठेवायचे आहेत. घरी २०० लिटरचा निळा ड्रम पडून आहे. तो मागच्या बाजूला उभा करू का? आणि पाण्यासाठी होडीला भोक पाडावंच लागेल का?

आधी वजनाचा हिशेब. समुद्राचं पाणी लिटरला साधारण १.०२५ किलो भरतं, म्हणजे २०० लिटरचे २०५ किलो. तीन धडधाकट माणसं मागे कायमची उभी करण्यासारखंच हे. तिथे आधीच इंजिन आहे, पेट्रोलचा डबा आहे, इंजिन धरणारा आहे. मागची बाजू बसली की डेकवरचं पाणी बाहेर जाण्याची भोकं पाण्याखाली जातात आणि उलट समुद्रच आत येऊ लागतो. तुमच्या होडीला ९० ते १०० लिटरची टाकी पुरे. जागा डाव्या-उजव्याच्या बरोबर मध्ये, लांबीच्या मध्याजवळ आणि जितकी तळालगत साधेल तितकी. ठोकाठोकी करण्यापूर्वी २० लिटरचे पाच कॅन पाण्याने भरून त्या जागी बांधा आणि नेहमीची माणसं घेऊन एक फेरी मारा. वळताना होडी कलली की सावरायला वेळ लावत असेल, तर जागा बदला.

ड्रम वापरायला हरकत नाही, पण त्यात पूर्वी काय होतं ते पक्कं माहीत हवं. फिनेल, ॲसिड, रंगाचं रसायन यांचा असेल तर कितीही धुतला तरी तो टाकीसाठी बाद. खाद्यपदार्थाचा असेल तर निम्म्यावर कापा. गोल आकार तर हवाच. पेडवे आणि बांगडे कळपाने एकाच दिशेला फिरत राहतात; चौकोनी टाकीत ते कोपऱ्यात अडकतात, नाकं आपटून घेतात. टाकी नेहमी काठोकाठ भरलेली आणि झाकण लावलेली असावी. अर्धी भरलेली टाकी सगळ्यात वाईट. लाटेबरोबर पाणी एका बाजूला धावतं, त्याच बाजूला होडी आणखी कलते आणि आतला मासाही भिंतीवर आपटतो.

आता पाणी. पेडव्याला साठलेलं पाणी चालत नाही. ३० अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरला जेमतेम सव्वासहा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो आणि तो हा मासा भराभर संपवतो. टाकीतलं पाणी तासाला सहा ते आठ वेळा बदललं पाहिजे, म्हणजे १०० लिटरला ताशी ६०० ते ८०० लिटर प्रत्यक्ष पडायला हवेत. पंपावरचा आकडा मात्र पाणी वर न चढवता मोजलेला असतो. एक मीटर चढ, तीन मीटर नळी आणि दोन-तीन वळणं धरली तर निम्म्यापर्यंत खाली येतो. म्हणून १२ व्होल्टचा, ५०० गॅलनचा (ताशी सुमारे १९०० लिटर) पंप घ्या. मोठा घेऊन फायदा नाही. टाकीत भोवरा झाला की मासा पोहून पोहून थकतो आणि गरीला लावेपर्यंत त्यात दम उरत नाही.

भोकाचं म्हणाल, तर पहिल्या हंगामात पाडूच नका. पाण्यात बुडवायचा पंप पीव्हीसी पाइपच्या टोकाला बांधा आणि तो पाइप मागच्या फळीवर शिकंजाने अडकवा. नांगरावर किंवा होडी वाहती ठेवून गरवताना तो उत्तम चालतो. धावताना मात्र वर उचलावा लागतो. तेवढा वेळ बॅटरीवरचा हवेचा पंप लावा आणि त्याच्या नळीच्या टोकाचा हवेचा दगड (बारीक बुडबुडे सोडणारा) टाकीत सोडा. पंधरा-वीस मिनिटांच्या धावेला तेवढं भागतं. मासेमारीची जागा तासभर लांब असेल, तरच कायमच्या भोकाचा विचार करा.

ते भोक मागच्या फळीत, तळापासून थोडं वर, इंजिनच्या पंख्यापासून जमेल तितकं दूर घ्या. पंख्याच्या फेसात तोंड आलं की पंप हवा ओढतो. जुन्या फायबरच्या होडीत या फळीच्या पोटात बहुधा प्लायवुड असतं आणि खरी भीती त्याचीच. आधी आतल्या बाजूने ५ मिलिमीटरचं ड्रिल उथळ मारून भुसा बोटांत घेऊन पाहा. कोरडा, फिकट आला तर ठीक. काळपट, ओला, चुरा होणारा आला तर टाकीचं काम थांबवून आधी फळी दुरुस्त करा, कारण तिच्यावरच इंजिन लटकलं आहे. लाकूड चांगलं असेल तर फिटिंगच्या मापापेक्षा १० मिलिमीटर मोठं भोक पाडा, ते घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरा, वाळल्यावर त्याच्या मधोमध खऱ्या मापाचं भोक घ्या. म्हणजे कडेने पाणी झिरपलं तरी लाकडाला लागत नाही. नुसत्या सिलिकॉनने काम उरकणारे कारागीर भेटतील. त्यांना नको म्हणा. पॉलियुरेथेनचं सीलंट वापरा आणि ते पुरतं धरेपर्यंत, म्हणजे काही दिवस, होडी पाण्यात लोटू नका.

भोकाला लागूनच व्हॉल्व्ह हवा आणि तो बसल्या जागेवरून हाताला लागला पाहिजे. हार्डवेअरच्या दुकानातला पिवळ्या पितळेचा कॉक इथे चालत नाही. खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त निघून जातं, धातू गुलाबीसर दिसू लागतो आणि एक दिवस हातातच तुटतो. ब्राँझचा किंवा होडीसाठीच बनवलेला नायलॉनचा घ्या. प्रत्येक जोडाला ३१६ स्टीलचे दोन-दोन क्लिप. पंप पाण्याच्या पातळीखालीच बसवा. हा पंप स्वतः पाणी वर ओढू शकत नाही, त्याच्यात ते आपोआप भरलं पाहिजे. नळी सतत चढती न्या. मध्ये झोळ राहिला की तिथे हवा अडकते आणि पंप नुसता घरघरतो.

आत आणणारी नळी पाऊण इंची असेल तर बाहेर जाणारा पाइप दीड इंची लावा. बहुतेक टाक्या इथेच फसतात. आत येणारं पाणी पंप ढकलतो, बाहेर जाणारं मात्र केवळ चार-पाच सेंटिमीटर उंचीच्या दाबावर निघतं. एक इंची पाइप नवेपणी पुरतो. खवल्यांनी अर्धा तुंबला की पाणी झाकणावरून थेट होडीच्या तळात. टाकीत उभ्या दीड इंची पाइपाच्या वरच्या भागाला ६ मिलिमीटरची दीडशे ते पावणेदोनशे छिद्रं पाडा. छिद्रं कमी असली की ओढ वाढते आणि दमलेला मासा छिद्रांना चिकटून मरतो. हे पाणी समुद्राच्या पातळीच्या किमान १५ सेंटिमीटर वर, सरळ होडीबाहेर सोडा. तळात सोडून बिल्ज पंपावर (तळातलं पाणी उपसणाऱ्या) भार टाकू नका.

आत येणारी नळी काठावरून घ्या, तोंड भिंतीला तिरकं ठेवा म्हणजे पाणी संथ गोल फिरतं. नळीच्या सगळ्यात उंच जागी ३ मिलिमीटरचं छिद्र पाडा. हे विसरलं आणि तोंड पाण्यात बुडालेलं असलं, की पंप बंद होताच टाकी उलटी रिकामी होते.

वीज : पंप दोन-अडीच अँपिअर घेतो, आठ तासांना २० अँपिअर-तास. शिसे-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणून ४० ते ४५ अँपिअर-तासाची वेगळी बॅटरी ठेवा. दोरीने सुरू होणारी बरीच लहान इंजिनं चार्जिंग देत नाहीत, तेव्हा रोज घरी चार्ज करावी लागेल. फ्यूज पंपावर लिहिलेल्या मापाचा, बॅटरीच्या अगदी जवळ.

प्रश्न (श्रीवर्धन) : टाकी आहे, पंप चालू आहे, तरी तासाभरात पेडवे उलटे होतात. नाकं लाल दिसतात, खवले तरंगतात.

नाकं लाल आणि खवले सुटे म्हणजे दोष पाण्यात कमी, हाताळणीत जास्त. हाताने धरलेला पेडवा टाकीत पोहताना दिसला तरी तो गेलाच समजा. बिनगाठीच्या, ओल्या जाळीने घ्या. गर्दीही पाहा : १० ते १२ सेंटिमीटरच्या एका पेडव्याला ३-४ लिटर, वीतभर बांगड्याला ८-१० लिटर. पहिल्या अर्ध्या तासात मेलेले लगेच काढा.

पाणी दुधाळ दिसत असेल तर पंपाच्या ओढीच्या बाजूला कुठला तरी जोड हवा घेतो आहे. ती बारीक हवा माशाच्या कल्ल्यांना त्रास देते, क्लिप आवळा. बंदरात पाणी भरू नका, डिझेलचा तवंग आत येतो. भरतीला खाडीबाहेर पडल्यावर भरा. उन्हात झाकणावर ओलं गोणपाट टाका. बर्फ सुटा टाकायचा नाही, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि गोडं पाणी दोन्ही घातक. गोठवलेली बंद बाटली चालेल, पण पाण्याचं तापमान आहे त्यापेक्षा दोन अंशांहून जास्त उतरू देऊ नका. नवी फायबर टाकी असेल आणि रेझिनचा वास येत असेल, तर वास जाईपर्यंत रोज पाणी बदलत भरून ठेवा.

प्रश्न (मालवण) : लक्षद्वीपच्या ट्यूना होड्यांत तळालाच भोकं असतात, पंप लागत नाही. तसं जुन्या होडीत करता येईल?

नाही. त्या होड्यांत टाकी हा होडीच्या सांगाड्याचाच भाग असतो. दोन्ही बाजूंच्या आडव्या भिंती पाणीबंद असतात, भोकं गरज नसताना बुचांनी बंद करतात आणि टाकीतली पातळी समुद्राइतकीच राहते. म्हणजे तेवढा भाग तरंगण्याच्या कामातून वजा, आणि तो हिशेब धरूनच होडी बांधलेली असते. तुमच्या होडीत मागाहून उभ्या केलेल्या भिंतीचा एक सांधा सुटला, तर होडी बुडेल.

प्रश्न (देवगड) : आमिष पकडायला रात्री एलईडी दिवा लावला तर?

बंदी आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी व तशा कृत्रिम प्रकाशावरची मासेमारी बंद केली, राज्यातही ती बंद आहे. पहाटे पिसं लावलेल्या सहा-आठ बारीक गऱ्यांची दोरी कळपात सोडा. वर आलेला मासा टाकीवरच झटकून गरीतून सोडवा, हात लावायची वेळच येत नाही.

प्रश्न (वेंगुर्ले) : जिताड्यासाठी कोळंबी याच टाकीत ठेवू का?

पेडव्यांबरोबर नको. कोळंबीला मोठा प्रवाह लागत नाही. खाडीचंच पाणी भरलेला थर्मोकोलचा डबा, हवेचा दगड आणि धरून बसायला जाळीचा तुकडा पुरतो. वर जाळी ताणून बांधा, कोळंबी उड्या मारते. तांब्याची तार किंवा पितळी फिटिंग त्या पाण्यात राहू देऊ नका. माशापेक्षा कोळंबीला तांबं लवकर बाधतं.