शब्दशंका : ‘प्राऊस’ म्हणजे नेमका कसा माणूस?

प्रश्न : ‘जे सौम्य ते धन्य’ (बायबल, मत्तय 5:5) या वचनातला मूळ ग्रीक शब्द ‘प्राऊस’. तो लढाईसाठी तयार केलेल्या घोड्याला लावत असत, असं प्रवचनात ऐकलं. हे खरं का? मग ‘सौम्य’ मिळमिळीत नाही वाटत? – एक वाचक, वसई

उत्तर : घोडा खरा, लढाई मागाहून जोडलेली. प्राचीन ग्रीक लेखक झेनोफनने घोड्यांविषयीच्या ग्रंथात लिहिलंय की शिंगरू चाबुकस्वाराच्या ताब्यात देण्यापूर्वीच ते ‘प्राऊस’, हाताळून घेणारं आणि माणसाळलेलं असावं. म्हणजे ही शिक्षण सुरू होण्याआधीची अवस्था. लाथ न मारणाऱ्या जनावराला आपण ‘गरीब’ म्हणतो, तसं.

माणसाच्या बाबतीत कसोटी रागाची. ॲरिस्टॉटल नीतिशास्त्राच्या चौथ्या भागात या गुणाला शीघ्रकोपी आणि राग येतच नाही अशा दोन टोकांच्या मध्ये ठेवतो. योग्य कारणाने, योग्य माणसावर, योग्य वेळी आणि हवा तेवढाच वेळ रागावणारा तो ‘प्राऊस’. स्वतःचा अपमान गिळणं आणि आप्तांचा झालेला नुसता बघत राहणं ही त्याच्या मते गुलामी वृत्ती. एवढं प्रवचनांत येतं. पण हा शब्द मध्यावर नेमका बसत नाही, कमी रागाकडेच कलतो, हेही तो तिथेच मान्य करतो. ते मात्र गाळलं जातं. प्लेटोच्या ‘फायडो’ या संवादात विष प्यायची वेळ झाल्याचं सांगायला आलेला तुरुंगाचा नोकर सॉक्रेटिसला हेच विशेषण तमभावात लावतो, कारण बाकीचे कैदी अशा वेळी त्याला शिव्याशाप देत.

मत्तयातल्या वचनामागे जुन्या करारातलं स्तोत्र 37:11 आहे. तिथल्या हिब्रू शब्दात दडपलेल्या, दीन लोकांचा अर्थ आहे आणि जुन्या ग्रीक भाषांतराने त्यासाठी ‘प्राऊस’च घेतला. गणना 12:3 मध्ये मोशेला ‘फार प्राऊस’ म्हटलंय. लोक सोन्याचं वासरू पूजताना पाहून संतापाने दहा आज्ञांच्या पाट्या फोडणारा मोशे हाच.

अनुवाद पारखायचा तर शेजारचे शब्द बघा. नव्या करारात हे विशेषण चारदाच येतं. मत्तय 11:29 मध्ये शेजारी ‘तापेइनोस’ आहे, म्हणजे लीन. ‘प्राऊस’ला ‘नम्र’ केलंत की दोन शब्द एकाच अर्थाचे होऊन बसतात. 1 पेत्र 3:4 मध्ये शेजारी ‘हेसुखिओस’, म्हणजे शांत. तिथे ‘शांत’ही बाद. चारही जागी निभावतो तो ‘सौम्य’च. मिळमिळीत वाटत असेल तर तळटीप द्या, शब्द बदलू नका.

प्रश्न : मत्तय 5:5 मधलं ‘प्राएइस’ शब्दकोशात सापडत नाही. – ग्रीकची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : ते पुल्लिंगी अनेकवचन; नोंद ‘प्राऊस’खाली बघा. स्त्रीलिंगी एकवचन ‘प्राएइया’. प्लेटो, ॲरिस्टॉटल वाचताना मात्र ‘प्राओस’ शोधावं लागतं, अथेन्सकडचं रूप ते. देवनागरीत टिपणं काढत असाल तर एक घोळ होतो : ऱ्हस्व ओ (ओमिक्रॉन) असलेलं ‘प्राओस’ हे विशेषण आणि दीर्घ ओ (ओमेगा) असलेलं क्रियाविशेषण, म्हणजे ‘न चिडता’, दोन्ही सारखीच दिसतात. प्लेटोच्या ‘क्रिटो’ या संवादाच्या आरंभी सॉक्रेटिस आपलं संकट कसं सोसतो हे सांगताना येतं ते दुसरं. म्हणून मूळ अक्षरं शेजारी लिहून ठेवा.