अँजिओग्राफीत ब्लॉक नाही, तरी हृदय कमजोर कसं?

तुम्ही विचारलंय की काका गेल्यावर चौथ्या दिवशी आत्यांच्या छातीत दुखलं, अँजिओग्राफीत ब्लॉक निघाला नाही, तरी डॉक्टर हृदय कमजोर झालंय म्हणतात. टेन्शनने खरंच असं होतं का, आणि ते कायमचं राहतं का.

होतं. माझ्या आईला झालं होतं. आणि बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं.

चोपडा तालुक्यात आमची केळी आहे. मेअखेरच्या वादळात कापणीला आलेली बाग एका रात्रीत आडवी झाली. सकाळी आई बांधावर बसली, चिखलातला एक घड ओढून मांडीवर घेतला आणि पदराने पुसत राहिली. दुपारी म्हणाली, "मना छातीमा कसंतरी व्हई ऱ्हायनं." घरात कुणी ओवा दिला, कुणी म्हणालं धसका घेतलाय, झोपू द्या. त्यात तीन तास गेले, याची मला आजही टोचणी आहे. तापीचा पूल ओलांडून जळगावला पोचलो, तेव्हा ईसीजी हार्ट अटॅकच्या झटक्यासारखाच होता, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिनही वाढलेलं. अँजिओग्राफीत मात्र नळ्या मोकळ्या. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ३० टक्के, नेहमीच्या जवळपास निम्मं.

डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं: डाव्या कप्प्याचं टोक फुगलेलं, हलत नव्हतं, वरचा भाग तेवढा जोरात आकसत होता. अरुंद गळ्याचा, गोल बुडाचा तांब्याच जणू. जपानमध्ये ऑक्टोपस पकडायचं मडकं असंच असतं, त्याला ताकोत्सुबो म्हणतात. तिथल्या डॉक्टरांनी १९९० साली या आजाराला तेच नाव दिलं. मोठा धक्का बसला की अॅड्रेनलिनसारखी रसायनं एकदम उसळतात आणि हृदयाचा स्नायू बधिर होतो. तो मेलेला नसतो, म्हणूनच सावरतो. दहातले नऊ रुग्ण बायका, त्यातही बहुतेक पाळी गेलेल्या. दम्याचा जोरदार झटका, ऑपरेशन, अपघात, यांनीही होतं. क्वचित फार मोठ्या आनंदानेसुद्धा.

पण "ब्लॉक नाही ना, मग काही नाही" असं घरात कुणाला म्हणू देऊ नका. पहिले काही दिवस जोखमीचे असतात: फुप्फुसात पाणी भरतं, ठोके बिघडतात, न हलणाऱ्या टोकात रक्ताची गुठळी होऊ शकते, क्वचित जीवही जातो. आईला पाच दिवस आयसीयूत ठेवलं होतं. आणि हा झटका की ताकोत्सुबो, हे घरी बसून कुणालाच कळत नाही. छातीत दुखलं की १०८ ला फोन करायचा, ओवा नाही.

आईचा सहाव्या आठवड्यातला इको ५८ टक्के आला. तिला बरं वाटायला मात्र जास्त वेळ लागला. जिना चढताना दोन-तीन महिने दम लागायचा, आणि वादळी वारा सुटला की ती माझा हात धरून बसायची. आत्यांनाही दम, थकवा राहू शकतो. ते ढोंग नाही. गोळ्या मनाने बंद करू देऊ नका, फाईल हाताशी ठेवा, कारण काहींना हे पुन्हा होतं. त्यांच्या पुढच्या इकोची तारीख डिस्चार्ज कार्डवर लिहिलेली नसेल, तर उद्याच फोन करून विचारून घ्या.