दाढ खाली गप्प, वर गेली की ठणका

प्रश्न: डॉक्टर, आमचे हे फौजेत हवालदार आहेत, 16 वर्षं सर्व्हिस झाली, सध्या लडाखला. वर असताना दाढ इतकी ठणकायची की रात्र रात्र झोप नाही आणि सुट्टीवर कोरेगावला आले तर दुखणंच गायब! आता म्हणतात, डॉक्टर कशाला. लग्नात दात चांगले होते हो, फौजेत जाऊन कसे किडले? आणि पुतण्या भरतीची तयारी करतोय, त्याचे दात बघतात का?

उत्तर: ताई, दुखणं गेलंय, कीड तिथेच आहे. किडलेल्या दाढेत नाहीतर जुन्या फिलिंगखाली थोडी हवा अडकून बसते, उंचावर बाहेरचा दाब कमी होतो (18 हजार फुटांवर जवळजवळ निम्माच) मग आतली हवा फुगते आणि नस कळवळते, खाली आलं की सगळं शांत. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना हाच त्रास व्हायचा.

किडले कसे म्हणाल तर मला पहिला संशय चहावर. ड्युटीवर थंडीत मगभर गोड चहा, तोही घोट घोट करत तासभर चालतो, म्हणजे दात तासभर साखरेत. त्यात कोरडी हवा, पाणी कमी प्यायलं जातं, लाळ आटते, आणि दात सांभाळते ती लाळच. ब्रशचं तर विचारूच नका, सकाळी ट्यूब दाबली तर पेस्ट दगड झालेली, ती जॅकेटमध्ये उबवायची कोण! जागं राहायला गालात तंबाखूची चिमूट असेल तर हिरड्याही गेल्याच समजा (विचारा त्यांना, तुम्हाला सांगणार नाहीत).

तर सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात दाखवा, शेवटच्या नको. रूट कॅनालला दोन-तीन खेपा लागू शकतात आणि कच्चं फिलिंग घेऊन वर गेले की पुन्हा तेच. परत जायची तारीख डॉक्टरांना आधीच सांगा. पैशाचं म्हणाल तर सर्व्हिसमधल्या माणसाला मिलिटरी हॉस्पिटलात उपचार फुकट असतात, पुणे काही लांब नाही. आर्मी डेंटल कोअर 1941 पासून याच कामाला आहे. बाहेर केलंत तर एक्स-रे आणि कागद सोबत द्या, युनिटच्या एमआय रूमला (म्हणजे तिथल्या दवाखान्यात) दाखवता येतील. गाल सुजला, ताप आला तर मात्र त्याच दिवशी जा, पेनकिलरवर दिवस काढू नका.

पुतण्याचे दात बघतात, चक्क मोजतात. पुढच्या दातांना एकेक पॉइंट, मोठ्या दाढांना दोन, 22 पैकी किमान 14 लागतात. एखादी किडकी दाढ असेल तर उपटून टाकू नका म्हणावं, आत्ताच भरून घे, पॉइंट वाचतील.